सांगणारा उभा कुठे आहे?

पुण्यात निवृत्त झालेल्या माणसाने वेळ कसा घालवावा, याचे पर्याय पूर्वी जवळजवळ ठरलेले होते. सकाळी पर्वती किंवा तळजाई, दुपारी वाचनालय, संध्याकाळी बागेतल्या बाकावरची मंडळी आणि मधल्या वेळात नातवंडांची शाळेतून ने-आण. गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्यात एक भर पडली आहे, ती आठवणी लिहिण्याची. बँकेतले, विमा कंपनीतले, पाटबंधारे खात्यातले, शाळा-कॉलेजांतले लोक, ज्यांनी उभ्या नोकरीत टिपणी आणि शेरे यांपलीकडे काही लिहिले नव्हते, ते आता शंभर-दीडशे पानांचे पुस्तक काढतात. स्वखर्चाने दोन-तीनशे प्रती छापल्या जातात. एखाद्या छोट्या सभागृहात प्रकाशन होते, सूनबाई सूत्रसंचालन करतात, चहा-बटाटेवडा होतो आणि प्रती नात्यागोत्यात वाटल्या जातात.

या प्रकाराला नाके मुरडणाऱ्यांत मी नाही. सामान्य माणसाने स्वतःबद्दल लिहावे, यात गैर काय आहे? पुढाऱ्यांची आणि नटांची चरित्रे आपण वाचतोच की. मी बँकेत अधिकारी होतो आणि कादंबऱ्या लिहितो, हे लोकांना ठाऊक असल्यामुळे अशी बाडे माझ्याकडे पुष्कळ येतात. 'जरा नजर टाका, शुद्धलेखन तेवढं बघा,' असा निरोप असतो. शुद्धलेखन काय, कोणीही बघेल. माझी नजर अडते ती मनोगतातल्या एका वाक्यावर. 'जसे घडले तसे, कोणताही आडपडदा न ठेवता लिहिले आहे,' हे वाक्य शब्दांच्या थोड्याफार फरकाने प्रत्येक बाडात असते. पुढे जे तंटे होतात, त्यांचे मूळही बहुधा तिथेच असते.

ओळखीतल्या एका घरात काय झाले ते सांगतो. नावगाव नको. धाकट्या भावाने आठवणी लिहिल्या. वडील लवकर गेलेले, थोरला मुंबईला नोकरीला लागलेला, धाकटा आईजवळ राहून शिकला आणि आईचे आजारपणही त्यानेच काढले. पुस्तकात एके ठिकाणी, दादा मुंबईला गेला तो गेलाच, अशा अर्थाचे एक वाक्य होते. थोरले बंधू आता हयात नाहीत. पुस्तक वहिनींच्या हातात पडले. वहिनी ऐंशीच्या पुढच्या. चार दिवसांनी त्या रिक्षा करून दिराकडे आल्या, पिशवीतून एक पत्र्याचा डबा काढला आणि टेबलावर ठेवला. आत मनिऑर्डरच्या पावत्या होत्या, महिन्यागणिक लावलेल्या, दोऱ्याने बांधलेल्या. "भावजी, ह्या एकदा मोजा आणि मग दुसरी आवृत्ती काढा," एवढेच त्या म्हणाल्या. चहालाही थांबल्या नाहीत.

आता यात खोटे कोण बोलले? धाकट्याचा शब्दही खोटा नव्हता. मनिऑर्डर यायची ती दुपारी, आईच्या हातात, तो शाळेत असताना. बारा वर्षांच्या मुलाला दिसत होता तो जेवणाच्या पंगतीतला दादाचा रिकामा पाट. त्याने तोच लिहिला. घोटाळा झाला तो निराळ्या जागी. बारा वर्षांच्या मुलाने पाहिलेली गोष्ट सत्तर वर्षांच्या माणसाच्या अधिकाराने सांगितली गेली. 'मला त्या वयात असे वाटे' इतके चार शब्द पडले असते, तर तो डबा कपाटातच राहिला असता. मग पावत्यांची हकीकतही कदाचित पुस्तकात आली असती, आणि पुस्तक अधिक चांगले झाले असते.

आमच्या बँकेत नव्याने लागलेल्या पोरांना पहिल्या आठवड्यात एक गोष्ट बुचकळ्यात टाकत असे. ग्राहक आपले पैसे आणून ठेव ठेवतो. त्याच्या दृष्टीने ती त्याची मत्ता. पण बँकेच्या ताळेबंदात तीच रक्कम देण्यांच्या बाजूला लिहितात, कारण बँकेला ती परत करायची असते. उलट, कर्ज म्हणजे ग्राहकाच्या डोक्यावरचे ओझे, पण बँकेची ती मत्ता. रक्कम एक, तारीख एक, आणि दोन वह्यांत ती दोन विरुद्ध बाजूंना. दोन्ही वह्या बरोबर असतात. वही कोणाची हे विसरले, की मात्र हिशेब कधीच जुळत नाही.

ही गोष्ट माणसांच्या बाबतीत पाहायची असेल तर पुण्यातल्याच एका घराकडे पाहावे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे 'आत्मवृत्त' १९१५ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, यांचे 'माझे पुराण' १९४४ साली आले. त्याचे संपादन त्यांच्या सूनबाई कावेरीबाईंनी केले. घर तेच, वर्षेही बरीचशी तीच. १८९१ मध्ये अण्णा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला पुण्याला आले. पहिली पत्नी त्याच वर्षी वारली होती. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई या विधवेशी विवाह केला. त्याबद्दल मुरूडच्या गावकऱ्यांनी बहिष्कार घातला. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम निघाला आणि १९०० मध्ये तो हिंगण्याच्या माळावर गेला. दिवसभर कॉलेजात शिकवून अण्णा संध्याकाळी चार मैल चिखल तुडवीत हिंगण्याला जात, ही हकीकत आपण शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहोत.

'आत्मवृत्ता'त संस्था मध्यभागी आहे आणि घर कडेला. वर्गणी कशी जमली, कोणी किती दिले, झोपडी कशी उभी राहिली, हे सगळे गणिताच्या मास्तराने मांडावे तसे स्वच्छ मांडले आहे. 'माझे पुराण' उघडले की घर मध्यभागी येते. नवऱ्याची मिळकत संस्थेकडे वळते आहे, मुले लहान आहेत, उद्याचे कसे भागायचे याचा विचार करणारी बाई त्यात बोलते. अण्णांनी स्वतःच्या आयुर्विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नावे करून टाकली. आश्रमाच्या वहीत ही देणगी. घरच्या वहीत? उद्या या माणसाचे काही बरेवाईट झाले तर मुलांनी कोणाच्या तोंडाकडे पाहायचे, हा प्रश्न. शिवाय आश्रमाला सनातनी घरांतल्या मुली हव्या होत्या, त्यांच्या पालकांचा विश्वास हवा होता, म्हणून अण्णांनी पुनर्विवाहाची चळवळ आश्रमापासून कटाक्षाने वेगळी ठेवली. धोरण म्हणून ते शहाणपणाचेच होते. पण ज्या बाईने स्वतः पुनर्विवाह केला होता, तिच्या जागी उभे राहून ते धोरण कसे दिसत असेल, याचा विचार वाचकाने स्वतःशी करावा. बायांनी नुसती तक्रार केली नाही. नागपूरला जाऊन त्या सुईणपणाचे काम शिकल्या, पुढे संस्थेसाठी वर्गणीही गोळा करत हिंडल्या. नवऱ्याचे मोठेपण त्यांना समजत होते, आणि त्या मोठेपणाचा खर्च कोणाच्या खात्यातून होतो आहे, हेही.

नावे पाहा. एकाचे 'आत्मवृत्त', भारदस्त संस्कृत. दुसरीचे 'माझे पुराण'. मराठीत 'तुझं पुराण आवर' असे आपण कोणाला म्हणतो, ते बायांना ठाऊक नव्हते असे थोडेच आहे! आपण कुठल्या जागेवरून बोलतो आहोत, हे त्यांनी मुखपृष्ठावरच सांगून टाकले. याच्या आधी, १९१० मध्ये, रमाबाई रानडे यांचे पुस्तक आले होते. त्यांच्या नावात 'माझ्या' नाही, 'आमच्या' आयुष्यातील काही आठवणी आहेत. त्या एका सर्वनामात त्या काळचे सगळे घर मावते.

कर्व्यांच्या घरातली तिसरी लेखणी इरावतीबाईंची. त्यांचा 'परिपूर्ती' हा संग्रह १९४९ चा. त्याच नावाच्या लेखात त्या सांगतात, की एका सभेत त्यांची ओळख अमक्याची मुलगी, तमक्याची पत्नी, महर्षींची सून अशी करून दिली गेली आणि तरी काहीतरी राहिले असे त्यांना वाटत राहिले. मग रस्त्याने जाताना शाळकरी पोरे एकमेकांना सांगताना ऐकू आली, की ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई, आणि ओळख पुरी झाली. मानववंशशास्त्राच्या एवढ्या मोठ्या विदुषीने स्वतःची ओळख त्या पोरांच्या तोंडून का घ्यावी, असे म्हणून आजच्या काही मुली त्या लेखावर रागावतात. त्यांचा राग मला कळतो. पण विदुषी म्हणून होणारी ओळख आणि रस्त्यावरची ओळख यांतली नेमकी कोणती, कुठे, कोणाच्या तोंडून ऐकली, हे त्या लेखात स्वच्छ दिसते. म्हणून तर रागावणाऱ्यालाही त्या लेखाशी भांडता येते.

सासऱ्यांविषयीही इरावतीबाईंनी लिहिले. दिनकर कर्वे यांनी महाराष्ट्रातल्या पाच कुटुंबांच्या आत्मकथनांचा एक इंग्रजी संग्रह तयार केला, तो १९६३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने छापला. त्यात वडिलांचे लेखन आहे, आईचे आहे, आणि पत्नीने सासऱ्यांवर लिहिलेला लेखही आहे. अशा माणसाची सून झाले हे माझे भाग्य, आणि पत्नी झाले नाही हेही भाग्यच, असा त्या लेखातला एक उद्गार आहे. सुनेच्या जागेवरून हे दिसले. पत्नीला ते तसे म्हणण्याची सोय नव्हती, आणि मुलाला तर नव्हतीच. मुलाने मात्र तिन्ही लेखने एका पुस्तकात शेजारी-शेजारी ठेवली, आईचे सांगणे वडिलांच्या सांगण्याशी जुळवून घेतले नाही. मला दिनकररावांच्या या कामाचे फार मोल वाटते.

सगळ्याच घरांना आणि सगळ्याच वाचकांना हे पेलत नाही. १९९० मध्ये सुनीताबाई देशपांडे यांचे 'आहे मनोहर तरी' आले, तेव्हा पु. ल. हयात होते आणि उभा महाराष्ट्र त्यांना आपल्या घरचा माणूस मानत होता. पुस्तकावर उड्या पडल्या आणि वादही कडाडून झाले. मला आठवते, आमच्या शाखेत दुपारच्या डब्याच्या वेळी लोक तावातावाने बोलत होते. काहींना वाटले, एवढ्या मोठ्या माणसाबद्दल बायकोने असे लिहावे का? काहींना, विशेषतः काउंटरवरच्या बायकांना वाटले, लिहिले ते कमीच आहे. गंमत अशी, की दोन्ही पक्ष पुलंना प्रत्यक्ष ओळखत नव्हते. त्यांना रंगमंचावरचे पु. ल. ठाऊक होते, म्हणजे समोरच्या खुर्चीतून दिसणारे. सुनीताबाई विंगेत उभ्या होत्या. विंगेतून नटाचा घाम दिसतो आणि खुर्चीतून हसू दिसते. खुर्चीतल्या माणसाने विंगेतल्याला 'तू खोटे सांगतेस' म्हणण्याला काही अर्थ नव्हता. मात्र विंगेतून दिसते तेवढेच खरे, असेही मानण्याचे कारण नाही, आणि ते पुस्तक नीट वाचले तर बाईंनी स्वतःलाही सोडलेले नाही हे दिसते. कित्येकांनी ते नीट वाचले नाही. वर्तमानपत्रांतले उतारे वाचून मते बनवली.

एकाच माणसाच्या आतसुद्धा दोन जागा असतात. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ मध्ये 'ग्रंथाली'ने काढले. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवाराला सांगतो. माणूस एकच, एक महारवाड्यातून आलेला, दुसरा शिकून पांढरपेशा वस्तीत राहायला गेलेला. शिकलेल्याला जुन्या दगडूची लाजही वाटते आणि ओढही. ही दुफळी लेखकाने झाकली असती, तर एक सरळ आणि कदाचित लोकप्रिय कहाणी झाली असती. त्याने ती पुस्तकाच्या पहिल्या पानांपासून उघडी ठेवली.

कायद्याचे म्हणाल, तर १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे तमिळनाडूतल्या एका फाशीच्या कैद्याच्या आत्मचरित्राचे प्रकरण आले होते. न्यायालयाने सांगितले, की सार्वजनिक दप्तरात जे नोंदले गेले आहे ते संमतीवाचून छापता येते. त्यापलीकडे एखाद्याच्या खासगी आयुष्यात त्याच्या संमतीवाचून शिरणाऱ्याने परिणामांची तयारी ठेवावी. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्कच ठरवला. पण घरातली भांडणे कोर्टात जात नाहीत. ती दिवाळीच्या फराळाला न जाण्यापर्यंत जातात, आणि तिथेच वर्षानुवर्षे राहतात.

आता या सगळ्यात एक नवीन गोष्ट शिरली आहे, आणि आजचा हा लेख लिहिण्याचे कारण तीच आहे. पूर्वी बाड माझ्यासारख्याकडे येई. आता पुष्कळदा ते आधी संगणकाकडे जाते. घरातला मुलगा किंवा नात वहीचे फोटो काढते, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एखाद्या ॲपला 'हे चांगल्या भाषेत लिहून दे' म्हणून सांगते, आणि मिनिटभरात गुळगुळीत मजकूर हजर. व्याकरण चोख, परिच्छेद नीटनेटके, शेवटी एक सुविचार.

हा प्रकार अगदी नवा आहे असे मात्र नाही. मराठीतल्या एका अमोल पुस्तकाच्या वाट्याला तो एकोणिसशे सातमध्येच आला होता, यंत्राविना. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे घरचे कर्ज फेडायचे म्हणून मथुरेच्या यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि सत्तावन्नच्या बंडात सापडले. झाशीच्या वेढ्यात ते शहरात होते. लूट, कत्तल, पाण्याचे हाल त्यांनी पाहिले. जमवलेले गमावून, पण गंगेची कावड खांद्यावर घेऊन, ते घरी परतले. सुमारे पंचवीस वर्षांनी, भारताचार्य चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून त्यांनी हे सगळे मोडीत लिहून काढले. वैद्यांनी ते १९०७ मध्ये 'माझा प्रवास' या नावाने छापले, पण आधी त्यावर हात फिरवला. भाषा सुधारली, काही मजकूर गाळला, मांडणी बदलली. हेतू वाईट नव्हता. इंग्रजी अंमल होता, आणि भटजींची बोलती भाषा सुशिक्षित वाचकाला रांगडी वाटेल अशी धास्ती असणार.

भटजींचे लिहिणे कसे आहे? बंडाची कारणे सांगताना ते कोलकात्याची राजेरजवाड्यांची सभा आणि धर्म बुडवणारी ८४ कलमे यांची हकीकत देतात. ती वाटेत शिपायांकडून आणि बाजारात ऐकलेली. इतिहासकार ती खरी धरत नाहीत. पण काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी, पठाणी वेषातली, धुळीने माखलेली, तहानलेली राणी भेटली, आणि ब्राह्मणाला पाणी ओढू न देता तिने स्वतः ओढून ओंजळीने प्यायले, हे ते सांगतात तेव्हा आपण थबकतो. इथे माणूस विहिरीच्या काठावर उभा आहे. ऐकीव गोष्ट ऐकीवपणाच्या सुरात आणि पाहिलेली पाहिलेपणाच्या सुरात, हा फरक त्यांच्या स्वतःच्या ओबडधोबड भाषेत कळतो. दोन्हींवर एकसारखी इस्त्री फिरली, की तो पुसट होतो. मग ८४ कलमे आणि विहीर एकाच वजनाची वाटू लागतात.

वैद्यांनी एक फार चांगले काम केले. मूळ हस्तलिखित नष्ट न करता त्यांनी ते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाला दिले. तिथून ते दत्तो वामन पोतदारांनी घेतले आणि १९६६ मध्ये भटजींच्या मूळ शब्दांत छापले. एकोणसाठ वर्षे लोक वैद्यांचे गोडसे वाचत होते, त्यांना नंतर वरसईचे गोडसे भेटले.

गेल्या दिवाळीनंतर एका बाईंनी मला असेच एक सुबक टंकलिखित बाड दिले. विषय सासूबाई. 'सासूबाई शिस्तप्रिय पण अंतःकरणाने प्रेमळ होत्या', असे त्यात होते. म्हटले, हे कोणी लिहिले? म्हणाल्या, "लिहिलं मीच, पण मुलाने मोबाइलवरून नीट करून घेतलं." मूळ वही आहे का विचारले, तर टायपिंग झाल्यावर ती माळ्यावर गेली होती, बोहारणीला द्यायच्या कपड्यांच्या गाठोड्याशेजारी. काढून आणा म्हणालो. दुसऱ्या दिवशी आणली. दोनशे पानी, निळ्या शाईची, मधूनच दुधाचा हिशेब. सासूबाई साखरेच्या डब्याला कुलूप लावत, असे बाविसाव्या पानावर आहे. त्याच पानावर खाली, पेन्सिलीने नंतर घातलेल्या दोन ओळी आहेत. बाईंच्या पहिल्या बाळंतपणात सासूबाईंनी त्या डब्याची किल्ली त्यांच्या उशाशी आणून ठेवली, आणि किल्ली परत कधीच मागितली नाही.